सातबाराचा उतारा आणि परीक्षेतला उतारा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या शिक्षण पुरवणीत प्रवेश परीक्षांच्या तयारीवर अर्धे पान मजकूर आला होता. त्यात आकलनाच्या उताऱ्यांबद्दल सल्ला होता की उतारा पूर्ण वाचत बसू नका, आधी प्रश्न पाहा, प्रश्नातला ठळक शब्द उताऱ्यात शोधा, त्याच्या आजूबाजूला उत्तर सापडते आणि वेळ वाचतो. तो वाचून मी दोन दिवस अस्वस्थ आहे. जिल्ह्याच्या गावातल्या एका क्लासमध्ये हाच सल्ला घोटून घेतला गेला आणि त्यात माझ्या भाचीचे एक वर्ष गेले. म्हणून हे पत्र. पत्र लांबले आहे, जागेअभावी काटछाट करावी लागेल याची जाणीव आहे. पण मध्ये फरदडीचा, म्हणजे कपाशीवरच्या उताऱ्याचा, जो भाग आहे तेवढा तरी ठेवावा, ही विनंती.

मी शिक्षक नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याच्या तहसील कचेरीसमोर १९९२ पासून अर्जनवीस म्हणून बसतो. आधी मराठी टंकयंत्र होते, आता लॅपटॉप आणि छोटा प्रिंटर आहे. अर्ज लिहिणे हे माझे अर्धेच काम. उरलेले अर्धे काम वाचण्याचे. माणसे घडी घातलेला कागद खिशातून काढतात, घामाने तो ओला झालेला असतो, आणि म्हणतात, ‘बाबूजी, यात काय लिवलं हाये ते सांगा.’ नोटीस, शासन निर्णय, बँकेचे पत्र, फेरफाराची नक्कल, वारसांची नोंद. वाचता येणारी माणसेही येतात. बारावी झालेली, पदवी झालेली येतात. अक्षरे त्यांना येतात, पण कागद काय म्हणतो ते हाती लागत नाही. तेहतीस वर्षे मी हेच पाहत आलो आहे. परीक्षेतल्या उताऱ्यावर मुले जिथे अडतात, तिथेच त्यांचे आईबाप माझ्या टेबलासमोर अडलेले असतात. म्हणून या विषयावर बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे असे मला वाटते.

ज्यांच्या हाताखाली मी हे काम शिकलो ते म्हातारे अर्जनवीस आता नाहीत. पहिल्या महिन्यात त्यांनी मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. ‘कागदात हाये तेच वाच. तुह्या मनातलं त्याच्यात घालू नोको.’ मी काही सांगितले की ते लगेच विचारायचे, ‘कुठं लिवलं हाये? बोट ठेव.’ बोट ठेवता आले नाही तर ते माझे म्हणणे कधीच मान्य करत नसत.

तरीही माझ्या हातून एकदा मोठी चूक झाली. २०१४ च्या गारपिटीनंतरची गोष्ट. एक शेतकरी मदतीच्या यादीचा कागद घेऊन आला. यादीत त्याचा गट क्रमांक होता. मी तो पाहिला, ‘आहे तुमचे नाव, काळजी नको’ म्हणालो. बाजाराचा दिवस होता, टेबलासमोर गर्दी होती. यादीच्या वरच्या मजकुरात ‘खालील गट क्रमांक वगळून उर्वरित क्षेत्र’ असे होते. ‘वगळून’ हा एक शब्द माझ्या नजरेतून सुटला. त्या माणसाने माझ्या शब्दावर हातउसने पैसे घेतले, मुलीच्या लग्नाची तारीख धरली. पुढे काय झाले ते इथे लिहीत नाही. तो माणूस आजही मला रामराम करतो, त्याचाच मला जास्त त्रास होतो.

आपल्या भाषेची एक गोष्ट मुलांना कोणी सांगत नाही. मराठीत वाक्याचा कौल शेवटी लागतो. ‘खालीलपैकी कोणते विधान उताऱ्याशी सुसंगत’ इथपर्यंत डोळा गेला की मनाने प्रश्न समजल्याचे ठरवून टाकलेले असते, आणि ‘नाही’ मागे राहून जाते. ‘वगळून’, ‘खेरीज’, ‘व्यतिरिक्त’, ‘शिवाय’ हेही सगळे नामाच्या मागून येणारे शब्द. म्हणून मी भाचीला पहिला नियम लावून दिला तो प्रश्नाच्या शेवटापासून. प्रश्नाचे शेवटचे दोन शब्द आधी पाहायचे आणि कच्च्या कागदावर ‘आहे’ किंवा ‘नाही’ लिहायचे. मगच प्रश्न सुरुवातीपासून वाचायचा. याला दोन सेकंद लागतात.

भाचीबद्दल थोडे सांगतो. ती माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. गाव नेर तालुक्यात. बहिणीकडे पाच एकर कोरडवाहू, पऱ्हाटी म्हणजे कपाशी, आणि तूर. ती दहावीनंतर आमच्याकडे राहून शिकली. मागच्या वर्षी बारावी कला शाखेतून चांगल्या गुणांनी पास झाली आणि केंद्रीय विद्यापीठांसाठीची सामाईक प्रवेश परीक्षा, सीयूईटी, दिली. ही परीक्षा २०२२ पासून सुरू झाली, राष्ट्रीय चाचणी संस्था म्हणजे एनटीए ती घेते. भाषेच्या पेपरात १३ भाषांचा पर्याय आहे आणि त्यात मराठी आहे. हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हते. अर्ज भरून देणाऱ्या नेट कॅफेवाल्याने ‘सगळे इंग्रजीच भरतात’ म्हणून इंग्रजी भरले. मी स्वतः दिवसभर लोकांचे अर्ज भरतो, पण घरच्या मुलीचा अर्ज तपासला नाही. काही अभ्यासक्रमांना इंग्रजीच लागते हे खरे आहे, त्यामुळे हव्या त्या विद्यापीठाची पात्रता पाहूनच भाषा निवडावी. पण पर्याय आहे हे तरी मुलांपर्यंत पोचायला हवे.

भाषेचा पेपर बराचसा उताऱ्यांचा असतो. माहितीपर उतारा, कथनात्मक उतारा, साहित्यिक उतारा, आणि सोबत शब्दार्थ, वाक्यांचा क्रम लावणे वगैरे. २०२५ च्या परीक्षेत ५० प्रश्न, ६० मिनिटे, सगळे प्रश्न सक्तीचे. बरोबर उत्तराला ५ गुण, चुकीला १ गुण वजा. तिने ५० पैकी १४ प्रश्न सोडून दिले. जे सोडवले त्यातले बरेच चुकले. अमरावतीच्या केंद्रावरून एसटीने परत येताना ती नेर येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

पुढे जुलैत आम्ही दोघे बसलो आणि कुठे चुकले ते शोधले. क्लासमध्ये शिकवलेली युक्ती तिने इमानाने वापरली होती. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधला, त्याच्या शेजारचे वाक्य पाहिले, ज्या पर्यायात तेच शब्द दिसले तो निवडला. पण पेपर काढणाऱ्यालाही ही युक्ती माहीत असते. तो चुकीच्या पर्यायात उताऱ्यातले शब्द जसेच्या तसे घालतो आणि बरोबर उत्तर दुसऱ्या शब्दांत लिहितो. जो शब्द जुळवत बसतो तो नेमका त्याच सापळ्यात जातो.

मग मी एक प्रयोग केला. रात्री जेवणानंतर स्वतःच एक उतारा लिहिला, आमच्या माहितीतला विषय घेऊन. तो असा होता:

‘कपाशीचा हंगाम संपल्यावरही काही शेतकरी पाणी देऊन पीक उभे ठेवतात. याला फरदड म्हणतात. फरदडीतून थोडाफार कापूस हाती येतो. मात्र या काळात गुलाबी बोंडअळीला खाद्य मिळत राहते आणि तिचा जीवनक्रम खंडित होत नाही. म्हणून हंगाम संपताच पीक काढून टाकण्याचा सल्ला कृषी विभाग देतो.’

प्रश्न: उताऱ्यानुसार फरदड न घेण्याचा सल्ला का दिला जातो? पर्याय चार. (अ) फरदडीतून कापूस मिळत नाही. (ब) फरदडीच्या कापसाला भाव कमी मिळतो. (क) पीक उभे राहिल्याने किडीची साखळी चालू राहते. (ड) फरदडीमुळेच गुलाबी बोंडअळीचा उगम झाला.

हा प्रश्न मी पाच मुलांना दिला. भाची, शेजारची दोन मुले, कचेरीसमोरच्या चहावाल्याचा मुलगा आणि त्याचा मित्र. पाचही कापूस पिकवणाऱ्या किंवा वेचणाऱ्या घरातली. तिघांनी (ब) लिहिले. भाची त्या तिघांत होती. मी विचारले, का? ती म्हणाली, ‘मामा, हे तं खरं हाये. आपल्या घरी मागच्या साली फरदडीच्या कापसाले भाव कमीच भेटला होता. कवडी लई निघते त्याच्यात.’

कवडी म्हणजे डागी, खराब कापूस. खरे आहे. अगदी खरे आहे. तिने तो कापूस स्वतःच्या हाताने वेचलेला आहे. पण उताऱ्यात भावाचा एक शब्द नाही. मी म्हणालो, बोट ठेव. तिने उताऱ्यावर बोट फिरवले, वरून खाली, पुन्हा वरून खाली. मग हात मागे घेतला आणि गप्प बसली. त्या रात्री तिला जे कळले ते क्लासच्या आठ महिन्यांत कळले नव्हते. जगात खरे असलेले उत्तर उताऱ्यात चूक असू शकते. आणि आपल्या मुलांना हा धोका शहरातल्या मुलांपेक्षा जास्त आहे असे मला वाटते, कारण शेती, पाऊस, कर्ज, किडी, बाजार या विषयांवर उतारा आला की त्यांना घरचे सगळे आठवते. आठवण ही चांगलीच गोष्ट आहे. पण परीक्षेच्या त्या मिनिटात ती बाजूला ठेवावी लागते.

उरलेले पर्यायही पाहा. (अ) मध्ये ‘फरदडीतून’ आणि ‘कापूस’ हे शब्द उताऱ्यातले आहेत, पण उतारा ‘थोडाफार हाती येतो’ म्हणतो आणि पर्याय ‘मिळत नाही’ म्हणतो. शब्द जुळवणारा इथे फसतो. (ड) मध्ये ‘मुळेच’ आहे. अळीला खाद्य मिळत राहणे वेगळे आणि फरदडीमुळेच अळी जन्माला येणे वेगळे. पर्यायात ‘च’ दिसला की थांबायचे, असे मी सांगतो. ‘केवळ’, ‘सर्वच’, ‘कधीही’, ‘नेहमी’, ‘फक्त’ हे त्याच घरातले शब्द. उताऱ्यात लेखकाने तेवढी खात्री दाखवली असेल तर हरकत नाही, पण बहुतेक वेळा लेखक ‘काही’, ‘बऱ्याचदा’, ‘शक्यता आहे’ असे सावध बोललेला असतो आणि पर्याय त्याच्या तोंडी छातीठोक विधान घालतो. बरोबर उत्तर (क). त्यात ‘खाद्य’ नाही, ‘जीवनक्रम’ नाही, ‘खंडित’ नाही. उताऱ्यातला अर्थ तेवढा आहे.

आणखी एक सापळा अर्ध्या वाक्याचा. याचे उदाहरण मला शोधावे लागले नाही. डिसेंबर २०१९ मध्ये महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेचा शासन निर्णय निघाला. त्यात ३० सप्टेंबर २०१९ रोजी मुद्दल व व्याजासह २ लाख रुपयांपर्यंत थकबाकी असलेली कर्जखाती पात्र होती. गावोगाव लोकांनी वाचले ते ‘२ लाख माफ’ एवढेच. मुद्दल १ लाख ८० हजार, व्याज धरून थकबाकी २ लाखांच्या वर, अशी माणसे माझ्याकडे भांडायला येत. कागद त्यांच्याच हातात असे. ‘मुद्दल व व्याजासह’ हे शब्द त्यांनी वाचलेले नसत असे नाही. पण आशेने भरलेले डोळे अशा शब्दांवर थांबत नाहीत. परीक्षेतही तसेच होते. पर्यायाचा पहिला अर्धा भाग उताऱ्याशी तंतोतंत जुळतो, मूल खूश होते आणि दुसरा अर्धा न वाचताच खूण करते. म्हणून पर्याय आवडला की तो अर्ध्यात तोडून दोन्ही भागांवर वेगवेगळे बोट ठेवायचे.

आमची आजची पद्धत सांगतो. उतारा एका दमात पूर्ण वाचायचा, मध्ये अडलेल्या शब्दावर न थांबता. प्रत्येक परिच्छेदाला कच्च्या कागदावर एकच शब्द लिहायचा. ‘मात्र’, ‘तथापि’, ‘असे असले तरी’, ‘म्हणून’, ‘अन्यथा’ आले की वेग कमी करायचा, कारण लेखक तिथे वळण घेतो आणि निम्मे प्रश्न वळणावरच विचारलेले असतात. मग प्रश्न. मग पर्याय हाताने झाकून स्वतःच्या शब्दांत उत्तर तोंडाने म्हणायचे, वऱ्हाडीत म्हटले तरी चालेल. मग पर्याय उघडायचे. आपल्या उत्तराच्या जवळचा कोणता ते पाहायचे आणि उताऱ्यातल्या ओळीवर बोट ठेवायचे. आकडे आणि नावे ठासून भरलेला उतारा असेल तर आधी प्रश्नांवर नजर टाकायला माझी हरकत नाही, फक्त पर्यायांवर टाकू नये. चार पर्यायांपैकी तीन खोटे असतात, आणि खोटे आधी वाचले की ते उताऱ्यात दिसायला लागते.

शीर्षक विचारणाऱ्या प्रश्नांत ती अजून चुकते. तिथे एक पर्याय फार रुंद असतो आणि एक फार अरुंद. वरच्या उताऱ्याला ‘भारतातील कापूस शेती’ हे रुंद, ‘बोंडअळीचा जीवनक्रम’ हे अरुंद. अर्जाच्या ‘विषय’ या ओळीसारखे त्याकडे पाहा असे मी तिला सांगतो. विषयाच्या ओळीत सगळा अर्ज मावला पाहिजे आणि अर्जाबाहेरचे काही यायला नको.

लेखकाचा सूर ओळखा, हा प्रश्न तिला सगळ्यांत अवघड गेला. सूर कळत होता, पण त्याची नावे येत नव्हती. उपरोधिक, उपदेशपर, खेदयुक्त, आर्जवी, तटस्थ, चिंतनशील. ही नावे आमच्या बोलण्यात नाहीत. मग ती दिवाळीच्या सुट्टीत माझ्या टेबलाशेजारी स्टूल टाकून बसू लागली. येणाऱ्या माणसाचे बोलणे ऐकायचे आणि वहीत सुराचे नाव लिहायचे. रेशनकार्डावरून नाव कमी झालेली म्हातारी बोलली ते ‘आर्जवी’. ‘तुमचा कागद पुढे गेला आहे’ एवढेच सांगणारा माणूस ‘तटस्थ’. मुलाला जमिनीचे भांडण करू नको म्हणून समजावणारा बाप ‘उपदेशपर’. चार दिवसांत दोन पाने भरली. पुस्तकातली नावे तिने आधीही पाठ केली होती, पण ती चिकटली या स्टुलावर.

संदर्भावरून शब्दार्थ हा प्रकारही असाच. मी तिला ‘उतारा’ हाच शब्द दिला. तहसिलीत उतारा म्हणजे सातबारा. वावरात उतारा म्हणजे एकरी पीक किती आले ते. विषावर उतारा असतो. रस्त्याला चढ-उतार असतो तो वेगळा. आणि परीक्षेत उतारा येतो. एकच शब्द, पण शेजारचे शब्द पाहिल्याशिवाय कोणता ते सांगता येत नाही. नवा शब्द आला की त्याच्या जागी रिकामी जागा आहे असे समजायचे, तिथे आपला साधा शब्द बसवायचा, आणि मग पर्याय पाहायचे. शब्दकोशातला पहिला अर्थ पर्यायांत असतोच, आणि अनेकदा तो चुकीचा असतो.

इंग्रजी उताऱ्यांचे दुखणे वेगळे आहे. माझे इंग्रजी बेताचे, म्हणून रविवारी कनिष्ठ महाविद्यालयातल्या एक मॅडम तासभर येतात, पैसे घेत नाहीत. त्यांचे म्हणणे असे की मराठी माध्यमाच्या मुलांना मोठे शब्द मारत नाहीत, छोटे मारतात. ‘हार्डली’ म्हणजे ‘कठीणपणे’ असे मूल वाचते, तिथे अर्थ ‘जवळजवळ नाहीच’ असा असतो. ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ यांत एका अक्षराने नकाराचा होकार होतो. ‘अनलेस’मध्ये नकार पोटात लपलेला असतो. या दहा-पंधरा शब्दांची यादी भिंतीवर लावली आहे, स्वयंपाकघरात, पाण्याच्या माठावर.

चहावाल्याच्या मुलाला वकील व्हायचे आहे. कचेरीसमोर लहानाचा मोठा झाला, काळे कोट रोज पाहतो. नागपूरजवळ वारंगा येथे राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे, हे त्याला मीच सांगितले. तिथला प्रवेश क्लॅट या राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेवर होतो. ती परीक्षा इंग्रजीतच असते, २ तासांत १२० प्रश्न, आणि सगळे उताऱ्यांवर, एकेक उतारा साधारण ४५० शब्दांचा. एका उताऱ्यावर पाच प्रश्न धरले तरी दोन तासांत दहा हजारांच्या आसपास शब्द वाचायचे, समजायचे आणि उत्तरेही द्यायची. हा हिशेब ऐकून त्याचे तोंड उतरले. पण खरे सांगणे भाग होते. राज्याच्या पाच वर्षांच्या विधी सीईटीत प्रश्न इंग्रजीसोबत मराठीतही असतात आणि चुकीला गुण कापत नाहीत, हेही त्याला सांगितले. तो दोन्हीची तयारी करतो आहे.

गुण कापण्याच्या भीतीबद्दल मला कळकळीने लिहायचे आहे. भाचीने १४ प्रश्न सोडले ते न समजल्यामुळे नाही, भीतीमुळे. घरात एक रुपया वाया जाऊ नये असे वाढलेले मूल वजा एक गुणाला फार घाबरते. आम्ही कागदावर हिशेब मांडला. चार प्रश्न डोळे मिटून सोडवले आणि चारात एकच बरोबर आला, तर ५ मिळाले, ३ गेले, २ उरले. एक पर्याय नक्की चूक आहे हे कळले, तर असे तीन प्रश्न धरा, एक बरोबर, दोन चूक, ५ वजा २ म्हणजे ३ उरले. हे दर वेळी असेच घडेल असे नाही, पण पेपरभर मिळून कल असाच राहतो. आणि उतारा नीट वाचलेल्या मुलाला एक-दोन पर्याय तर खोडता येतातच. म्हणजे सोडून देण्यात तोटा आहे. क्लॅटमध्ये बरोबरला १ आणि चुकीला पाव गुण वजा, तिथे फायदा बारीक आहे, पण पर्याय खोडता आला तर तिथेही सोडू नये. हा हिशेब आठवीच्या मुलालाही कळेल. पण तो मांडून दाखवणारे कोणी भेटले नाही.

वेगाचे थोडक्यात. ५० प्रश्नांना ६० मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद, उतारा वाचण्याचा वेळ त्यातच. जुलैत भाचीला आपला अग्रलेख वाचायला नऊ मिनिटे लागत. ओठ हलत, ओळ संपली की पुन्हा मागे जाई. आता साडेचार मिनिटांत वाचते आणि दोन ओळींत सांगते की लेखक कशाच्या बाजूने आहे आणि कशाच्या विरुद्ध. रोज सकाळी, न चुकता. जादू काही नाही, पाच महिने लागले. पडद्यावर वाचण्याचा सरावही वेगळा करावा लागतो. कागदावर बोट फिरते, पडद्यावर उतारा सरकवावा लागतो आणि वाचलेली ओळ हरवते. एनटीएच्या संकेतस्थळावर सराव चाचण्या फुकट आहेत, त्या मोबाइलवर नाही तर कचेरी सुटल्यावर माझ्या लॅपटॉपवर ती सोडवते.

शाळांबद्दल तक्रार करायची म्हणून करत नाही, शिक्षकांवर किती कामे आहेत ते मी पाहतो. पण दहावीच्या मराठीच्या ८० गुणांच्या कृतिपत्रिकेत अपठित गद्य उताऱ्याला ४ गुण असतात. बाकी उतारे पाठ्यपुस्तकातले, वर्षभर वाचून झालेले, गाइडमध्ये उत्तरांसकट छापलेले. चौकट पूर्ण करा, आकृतिबंध पूर्ण करा, यांची उत्तरे उताऱ्यातून उचलून ठेवता येतात. मुलाने कधीही न पाहिलेला उतारा वाचून त्यातून न लिहिलेले पण निघणारे अनुमान काढायचे, हा सराव त्या ४ गुणांपुरता. मग बारावीनंतर अचानक त्याच कौशल्यावर सगळे भविष्य ठरते. आठवड्यातून एक तास, फक्त न पाहिलेला उतारा आणि ‘बोट ठेव’, एवढे कनिष्ठ महाविद्यालयांना करता येईल. त्याला पैसे लागत नाहीत.

आपल्याकडे माझे मागणे एकच आहे. आपला अंक दारव्ह्याला सकाळी येतो आणि खेड्यांत पहिल्या-दुसऱ्या एसटीने पोचतो. जिथे क्लास नाही आणि ग्रंथालय नाही तिथेही सलूनमध्ये, ग्रामपंचायतीत, चहाच्या टपरीवर तो असतो. पुरवणीत आठवड्याला एक अपठित उतारा छापा. त्याखाली पाच प्रश्न. उत्तरे दुसऱ्या दिवशी, आणि उत्तरांबरोबर उरलेले तीन पर्याय का चूक, हेही प्रत्येक वेळी द्या. नुसते ‘१-क, २-अ’ छापू नका, त्याने काही शिकता येत नाही. उतारे इथल्या विषयांवरचेही असावेत, तूर, जंगल, तेंदूपत्ता, कोळसा, संत्रा, म्हणजे माहीत असलेले बाजूला ठेवून वाचण्याची सवय लागेल. आणि प्रमाण मराठीतल्या जड शब्दांचेही असावेत, कारण परीक्षेत तेच येतात.

सोबत मी तयार केलेले तीन उतारे जोडत आहे. पहिला फरदडीचा, वर दिलेलाच. दुसरा कर्जमुक्तीच्या शासन निर्णयाच्या भाषेवरचा. तिसरा भाचीने लिहिला आहे, तिच्या गावच्या नाल्यावरचा, प्रश्नही तिचेच. त्यातला चौथा प्रश्न ‘नाही’चा आहे, मी स्वतः त्यावर पहिल्यांदा चुकलो. छापण्यायोग्य वाटले तर नावाशिवाय छापावेत. उत्तरे आणि कारणे प्रत्येक पानाच्या मागे लिहिली आहेत.

आपला नम्र,
तहसील कचेरीसमोरचा एक अर्जनवीस
दारव्हा, जि. यवतमाळ